नवऱ्याला वर्दीचं आकर्षण आहे, हा आजार आहे का?

कोल्हापुरातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३६, लग्नाला ११ वर्षं झाली, दोन मुलं. नवरा सहकारी बँकेत अधिकारी, शांत, निर्व्यसनी, घरातल्या कामात हात लावणारा. गेल्या महिन्यात एका रात्री त्याने चाचरत सांगितलं, की बायकोने पोलीस अधिकाऱ्याच्या वर्दीत समोर यावं, त्याची झडती घ्यावी, उलटतपासणी करावी, दरडावून हुकूम द्यावेत, ही कल्पना त्याच्या मनात लग्नाच्या आधीपासून आहे. ताई गप्प राहिल्या. त्यानेही तो विषय पुन्हा काढला नाही. ताईंचे वडील पोलीस खात्यातून निवृत्त झालेले, त्यांचं बालपण पोलीस लाइनीत गेलं. त्या विचारतात: हा आजार आहे का? साध्या माणसाच्या डोक्यात असलं येतं कुठून? मला हो म्हणावं लागेल का? आणि मन मोकळं करायला हे मोठ्या जाऊबाईंना सांगू का?

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तुमच्या नवऱ्याला कोणताही आजार नाही. एका प्रौढ माणसाने दुसऱ्या प्रौढ माणसाकडे, आपल्याच बायकोकडे, असा खेळ मागणं आणि ती गप्प राहिल्यावर विषय तिथेच सोडून देणं, यात विकृती कुठेही नाही. उलट ‘विषय पुन्हा काढला नाही’ हे तुमचं वाक्य मला डॉक्टर म्हणून सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ज्यांची काळजी करावी असे लोक असं थांबत नाहीत.

हे माझं एकटीचं मत नव्हे. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनची निदानपुस्तिका, डीएसएम-५, २०१३ मध्ये आली. वेगळं लैंगिक आकर्षण असणं एक आणि त्याचा विकार होणं दुसरं, असा स्पष्ट फरक तिने केला. त्या आकर्षणापायी माणूस स्वतः हैराण झाला असेल, त्याचं काम किंवा संसार बिघडत असेल, किंवा दुसऱ्याला इजा होत असेल, संमती नसलेल्या माणसाला त्यात ओढलं जात असेल, तर विकार. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही वर्गवारी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात तर फेटिशिझम (एखाद्या वस्तूचं किंवा कपड्याचं लैंगिक आकर्षण) आणि सॅडोमॅसोकिझम (वेदना किंवा हुकमत देण्या-घेण्यातलं लैंगिक सुख) ही जुनी निदानं काढूनच टाकली आहेत. जबरदस्ती असेल, संमती नसेल, तिथे निदान आजही आहे.

आणि हे दुर्मीळ आहे असंही समजू नका. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात सुमारे १,५०० प्रौढांना त्यांच्या लैंगिक कल्पनांबद्दल विचारण्यात आलं होतं. तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्यावर कुणीतरी हुकमत गाजवावी, ही कल्पना निम्म्याहून जास्त पुरुषांनी आणि त्याहूनही जास्त बायकांनी आपल्या मनात येते असं सांगितलं. आपल्याकडे एवढ्या मोकळेपणाने कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. पण राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत दार लावून बसल्यावर जे कानावर येतं, ते क्युबेकपेक्षा फार वेगळं नसतं.

आता असलं येतं कुठून, याकडे वळते. याचं एकच कारण छातीठोकपणे सांगणारा भेटला तर त्याच्यापासून लांब राहा. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने याने १८८७ मध्येच मांडलं होतं, की लहानपणी एखादी वस्तू आणि एखादी तीव्र भावना योगायोगाने एकत्र येतात आणि ती गाठ पक्की बसते. ऐकायला हे पटतं. पण १९६६ मध्ये स्टॅनली राकमन यांनी ही गाठ मुद्दाम घालून पाहिली. मोजक्या पुरुषांना बुटांची चित्रं आणि उत्तेजक चित्रं एकापाठोपाठ दाखवली. काही काळाने नुसत्या बुटांच्या चित्रालाही शरीर प्रतिसाद देऊ लागलं, आणि उत्तेजक चित्रं बंद केल्यावर तो प्रतिसाद विरूनही गेला. तेव्हा वीस-वीस वर्षं टिकणारी ओढ नुसत्या योगायोगाने समजत नाही. त्या वस्तूत माणसाच्या मनाला पुन्हा पुन्हा काहीतरी मिळत असलं पाहिजे.

वर्दीत काय मिळतं, यावर मात्र मी ठामपणे बोलू शकते, कारण लोक तेच सांगायला येतात.

पहिली गोष्ट अधिकार. १९७४ मध्ये लिओनार्ड बिकमन यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रस्त्यावर एकजण उभा राहायचा. कधी साध्या कपड्यांत, कधी दूधवाल्याच्या, तर कधी पोलिसासारख्या दिसणाऱ्या सुरक्षारक्षकाच्या गणवेशात. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो फुटकळ हुकूम सोडायचा: ती पिशवी उचल, त्या माणसाला पार्किंगसाठी नाणं दे. रक्षकाच्या गणवेशातल्या माणसाचं लोकांनी कितीतरी जास्त ऐकलं. हुकूम देऊन तो निघून गेला, तरीसुद्धा ऐकलं. त्याच्याकडे शिक्षा करायची ताकद नव्हतीच, अंगावर नुसतं कापड होतं.

आपल्याला ब्रुकलिनला जायची गरज नाही. दाभोळकर कॉर्नरला शिट्टी वाजली, की लायसन खिशात, पीयूसी नवी कोरी, हेल्मेट डोक्यावर असूनही आपल्या पोटात गोळा येतो. हात आपोआप ब्रेकवर जातो. ‘गप जेव, नाहीतर पोलीसमामाला बोलावते’ हे वाक्य ऐकल्याशिवाय आपल्या भागात एकही पोर मोठं झालेलं नाही. आणि त्याच घरात दुसऱ्या बाजूला भाऊ, चुलतभाऊ पोलीस भरतीसाठी पहाटे पळत असतो. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीची ओळखच घराघरातल्या फौजींमुळे. अंगावर वर्दी चढली की पोराचं वजन वाढतं, स्थळं चालून येतात, गावात बॅनर लागतो. म्हणजे एकाच कपड्याची आपल्याला भीतीही वाटते आणि ओढही वाटते, आणि दोन्ही अगदी लहानपणापासून. इतकी दुहेरी भरलेली वस्तू मोठेपणी लैंगिक कल्पनेत आली, तर मला त्याचं नवल वाटत नाही.

पण कल्पनेतल्या वर्दीचं एक वैशिष्ट्य आहे, आणि मला या उत्तरात सगळ्यात जास्त तेच सांगायचंय. तिथला हुकूम ऐकणाऱ्यानेच लिहिलेला असतो. खऱ्या ठाण्यात खऱ्या अधिकाऱ्यापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात फार थोडं असतं. तुमच्या नवऱ्याच्या मनातली इन्स्पेक्टर मात्र त्याला हवं तेच विचारते, हवं तितकंच रागावते आणि त्याला पुरे वाटलं की थांबते. भीतीचा आकार तोच, पण तिची किल्ली त्याच्या खिशात. म्हणून खऱ्या पोलिसांशी दोन वाक्यं बोलताना ज्याला घाम फुटतो, असा माणूसही ही कल्पना वर्षानुवर्षं जपतो. खऱ्या तपासणीत त्याला तिळमात्र आनंद होणार नाही.

हा फरक किती मोठा आहे ते १९७१ च्या स्टॅनफर्डच्या तुरुंगप्रयोगात दिसतं. फिलिप झिम्बार्डो यांनी काही विद्यार्थ्यांना खाकी गणवेश आणि आरशाचे गॉगल देऊन पहारेकरी केलं, काहींना कैदी. दोन आठवड्यांचा प्रयोग सहाव्या दिवशी बंद करावा लागला. पहारेकऱ्यांना कडक वागायला आधीच सुचवलं गेलं होतं, अशी गंभीर टीका त्यावर पुढे झाली आणि ती रास्त आहे. पण तिथल्या काही कैद्यांना खरोखरच वाटू लागलं होतं, की आता आपल्याला इथून बाहेर पडता येणार नाही. नवरा-बायकोच्या खोलीत हे वाटणं एका क्षणालाही येता कामा नये. बाहेर पडायचं दार दोघांनाही सतत दिसत असलं, तरच तो खेळ.

दुसरी गोष्ट विश्रांती. हे ऐकून बायका चकित होतात. माझ्याकडे येणारे एक गृहस्थ (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलते) शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत सुपरवायझर होते. त्यांची कल्पना तुरुंगाची. मी विचारलं, त्यात नेमकं काय हवंय? मार? बेड्या? ते बराच वेळ विचार करून म्हणाले, ‘मॅडम, गिनती. रांगेत उभं राहायचं, नंबर म्हणायचा, कुणीतरी सांगेल तेव्हा बसायचं.’ दिवसभर तीनशे गोष्टी त्यांना विचारूनच व्हायच्या. घरी आल्यावरही भाजी कुठली आणायची इथपासून पोराच्या ॲडमिशनपर्यंत सगळं त्यांनाच ठरवायचं. त्यांना कुणाचा तरी साधा, कोरडा, स्पष्ट हुकूम हवा होता. मात्र यावरून, मोठ्या जबाबदारीच्या माणसांनाच असल्या कल्पना सुचतात, असा नियम काढू नका. रिकामटेकड्यांनाही सुचतात.

गणवेश बदलला की आतली गरजही बदलते. नर्सच्या गणवेशाचं आकर्षण असलेले बरेच पुरुष बोलता बोलता रडवेले होतात, कारण त्यांना हवी असते शुश्रूषा. कुणीतरी कपाळाला हात लावावा, झोप म्हणावं, आणि त्याबदल्यात आपण काहीही परत करायचं नसावं. फौजी गणवेशात लोकांना शिस्त, ताठ कणा आणि बांधलेलं शरीर दिसतं. बायकांच्या कल्पनेतही गणवेश असतो बरं का, आणि तिथे अनेकदा रक्षणाचा धागा असतो: हा माणूस इतरांना कडक आणि मला मऊ. इथे एक गोष्ट मी रागानेच सांगते. मनातली नर्स आणि सीपीआरच्या, म्हणजे आपल्या सरकारी रुग्णालयाच्या, वॉर्डात रात्रपाळी करणारी सिस्टर यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. ती तिथे पगारावर, थकलेल्या पायांनी, पन्नास पेशंट सांभाळत उभी असते. तिच्याकडे बघून सूचक बोलणं, कामात नसलेली गोष्ट तिच्याकडून मागणं हा छळ आहे. फँटसीचं नाव पुढे करून तो धुऊन निघत नाही. बसमधली महिला कंडक्टर, ठाण्यातली महिला कॉन्स्टेबल, या सगळ्यांना हेच लागू.

तिसरी गोष्ट कापडाचीच. खळ घातलेल्या शर्टाची कडक इस्त्री, पट्ट्याच्या पितळी बकलाचा खट् आवाज, बुटाची टाच फरशीवर वाजणं, गळ्यापर्यंत लावलेली बटणं. काहींना अधिकारबिधिकार काही नको असतो, हा स्पर्श आणि हे आवाजच पुरतात. अशांचं काम फार सोपं असतं.

आता तुमच्या घराकडे येते. खरी गाठ तुमच्या नवऱ्याच्या मनात नाही, ती तुमच्या दोघांच्या मधोमध आहे. त्यांच्यासाठी खाकी म्हणजे लांबून पाहिलेली, कल्पनेने रंगवलेली गोष्ट. तुमच्यासाठी खाकी म्हणजे परेडच्या आदल्या रात्री ब्रासोने बकल घासत बसलेले वडील. गणपती विसर्जनाच्या बंदोबस्ताला गेले की दुसऱ्या दिवशी दुपारी सुजलेले पाय घेऊन परत येणारे. दिवाळीत घरी नसणारे. तुम्ही लिहिलंय की नवऱ्याने ते सांगितलं त्या क्षणी तुमच्या नाकात ब्रासोचा वास आला आणि अंगावर शहारा आला. ताई, हे अगदी स्वाभाविक आहे. तुम्ही जुन्या विचारांच्या नाही आणि थंडही नाही. ज्या कपड्यात बापाचे कष्ट आहेत तो कपडा अंगावर चढवून शृंगार करायला मन तयार होत नसेल, तर मनाचं ऐका. खाकी नको, एवढं सांगायला तुम्हाला दुसरं कारण लागत नाही. हेही कारण लागत नाही.

त्यांनी मागितलं म्हणून तुम्हाला हो म्हणावं लागणार नाही. खाकीला नाही, आणि हवं तर सगळ्यालाच नाही. पण ‘नाही’ म्हणताना ते ‘खाकीला’ आहे की ‘सगळ्याला’, हे आधी स्वतःशी ठरवा. कारण मधे बरीच जागा असते.

ती जागा कशी सापडते ते एका जोडप्यावरून सांगते. इथेही ओळख लपवली आहे. तिथेही बायकोला पोलिसी वर्दी नको होती. तिने नवऱ्याला रात्री नाही, भर दुपारी, चहाच्या वेळी विचारलं: ‘समज, माझ्या अंगावर खाकी नाही. मग त्या गोष्टीत काय राहिलं तर तुला चालेल?’ त्याला वेळ लागला. मग तो म्हणाला, ‘तू हसायचं नाहीस. हातात कागद पाहिजे. आणि मी उत्तर दिलं की तू लगेच विश्वास ठेवायचा नाहीस.’ बस, एवढंच! टोपी नाही, तारे नाहीत, काठी नाही. दोघांनी मिळून रेल्वेचा टीसी ठरवला: पांढरा शर्ट, तिच्या भावाचा पडून असलेला काळा कोट, हातात पावतीपुस्तक आणि पेन. बिनतिकीट प्रवासी कोण, ते सांगायला नको. पहिल्या वेळी ती दोनदा हसली, आणि तेही चाललं. मुद्दा हा, की ओढ खाकीची नव्हतीच. चौकशी होण्याची होती. तुमच्या नवऱ्याने झडती, उलटतपासणी आणि हुकूम असे तीन शब्द वापरलेत. यातला कुठला त्यांना खरा महत्त्वाचा, ते त्यांना विचारा. बहुधा त्यांनी स्वतःलाही ते कधी विचारलेलं नसेल.

अजून एक गोष्ट, जिच्यावर बायका नेमकं बोट ठेवतात. खेळात साहेब तुम्ही, पण संवाद त्यांच्या डोक्यातले. म्हणजे हुकूम देतानाही तुम्ही त्यांचाच हुकूम पाळताय असं वाटू शकतं. बऱ्याच घरांत खेळ इथेच फसतो. बायको थकते, तिला नोकरी केल्यासारखं वाटतं. तेव्हा होकार दिलात, तर हक्कानेही द्या. तुमच्या मनातली इन्स्पेक्टर कशी आहे ते तुम्ही ठरवा. ती आरडाओरडा करत नसेल, शांतपणे एकच प्रश्न विचारून दहा मिनिटं वाट बघत असेल. तिला त्यांना घर आवरायला लावायचं असेल तर तेही लावा. आणि एका रात्री तुमची कल्पना, एका रात्री त्यांची, हा हिशोब आधीच बोलून घ्या. तुमच्या मनात काय आहे हे त्यांनी अकरा वर्षांत कधी विचारलं का, हे तुमच्या पत्रात कुठेच आलेलं नाही, आणि मला ते जाणून घ्यायला आवडेल.

खेळायचं ठरलंच, तर काही व्यावहारिक गोष्टी. त्या कंटाळवाण्या वाटल्या तरी सोडू नका.

थांबवण्यासाठी एक शब्द ठरवा, आणि तो त्या प्रसंगात कधीच येणार नाही असा असावा. ‘नको’, ‘सोडा साहेब’ हे शब्द अशा खेळात संवादाचाच भाग असतात, त्यामुळे ते चालत नाहीत. ‘रंकाळा’ म्हणा, ‘खासबाग’ म्हणा. तो शब्द कुणीही उच्चारला की सगळं तिथेच बंद. कारण विचारायचं नाही, रुसायचं नाही. हा शब्द हुकूम देणाऱ्यासाठीही आहे. तुम्हालाच मधेच नकोसं झालं तर तुम्हीही तो वापरायचा.

खेळण्यातल्या किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या धातूच्या बेड्या मी वापरू देत नाही. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला एक नाजूक नस अगदी कातडीखालून जाते. घट्ट बेडीने ती दबली, की अंगठ्याची मागची बाजू बधिर होते, आणि ती बधिरता कित्येक आठवडे रेंगाळू शकते. शिवाय ऐनवेळी किल्ली सापडत नाही. बांधायचंच असेल तर मऊ ओढणी, दोन बोटं आत सहज जातील इतकी सैल, आणि हाताशी कात्री. गळ्याभोवती काहीही नको, गंमत म्हणूनसुद्धा नको. बांधलेल्या माणसाला एकटं सोडून दार उघडायलासुद्धा जायचं नाही. दोघांपैकी कुणी दारू प्यायलं असेल तर त्या दिवशी खेळ नाही.

कपड्यांचं म्हणाल, तर वडिलांच्या ट्रंकेतली जुनी वर्दी काढू नका. हे सांगायला नको होतं, पण लोक असं करतात म्हणून सांगते. आपल्या गावात नाटक-सिनेमाची परंपरा जुनी, गॅदरिंगसाठी ड्रेपरी भाड्याने देणारे आहेत. पण खरं सांगायचं तर साधा गडद शर्ट, रुंद पट्टा आणि एक शिट्टी एवढ्यात काम भागतं. खरी नेमप्लेट, खरा बिल्ला, खरं ओळखपत्र कशालाच वापरायचं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ प्रमाणे, फसवण्याच्या हेतूने लोकसेवकाचा गणवेश घालणं हा गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सैनिकाच्या गणवेशासाठी कलम १६८ वेगळं आहे. आपल्या खोलीत, दार लावून, नवऱ्यासमोर घातलेल्या शर्टात कुणाची फसवणूक नाही. पण तोच वेश करून गच्चीवर, गाडीत, लॉजवर जाणं हा नसता ताप आहे. बाहेरच्या माणसाला तुम्ही खऱ्या वाटलात, की खेळ तिथे संपतो.

फोटो काढायचा नाही. दोघांचे फोन दुसऱ्या खोलीत. नवऱ्यावर पूर्ण विश्वास असला तरीही, कारण फोन दुरुस्तीला जातो, मुलांच्या हातात जातो, चोरीला जातो. कुणाच्या खासगी अवयवांचे फोटो संमतीशिवाय काढणं किंवा पसरवणं यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण पसरलेला फोटो शिक्षेने परत येत नाही.

संपल्यावर वेश उतरवा, आणि उतरवताना त्यांना नावाने हाक मारा. थोडा वेळ शेजारी बसा, पाणी प्या, हवं तर चहा करा. हुकूम ऐकणारा माणूस खेळानंतर कधीकधी एकदम हळवा होतो, त्याला लाज वाटायला लागते. हुकूम देणारीलाही ‘मी एवढी कडक कशी बोलले’ असं वाटू शकतं. त्या दहा मिनिटांत कुठलीही चेष्टा नको. आणि दुसऱ्या दिवशी भांडण झालं तर रात्रीचा विषय त्यात शस्त्र म्हणून आणायचा नाही, हे दोघांनी एकमेकांना आधीच सांगून ठेवा. मी पाहिलेत त्या संसारांत वर्दीने झालेलं नुकसान फारसं नाही. ‘तू तर पाया पडणारा’ हे चारचौघांत काढलेलं एक वाक्य मात्र संसार पोखरतं.

काळजी कधी करायची, तेही सांगते. ही कल्पना मनात आणल्याशिवाय त्यांचं शरीर साथच देत नसेल आणि त्याचा दोघांनाही त्रास होत असेल. घरखर्चाचे पैसे लपवून यात जात असतील. कुणाच्या दोरीवरचा गणवेश चोरणं, खऱ्या नर्सच्या किंवा महिला पोलिसाच्या मागे जाणं, ऑनलाइन अनोळखी माणसाच्या हुकुमावरून स्वतःचे फोटो पाठवणं असं काही घडत असेल (यातून ब्लॅकमेल होतं, आणि अशी माणसं माझ्याकडे फार उशिरा येतात). तुमच्या नकारानंतर रुसवा, अबोला, दबाव सुरू झाला असेल. किंवा त्यांनाच स्वतःची इतकी घृणा वाटत असेल की झोप उडाली आहे. यातलं काहीही असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे या, शक्यतो दोघं मिळून. तिथे आम्ही ओढ पुसून टाकायचं वचन देत नाही, कारण ते जमतं असा दावा करणं खोटं आहे. ओढीला तिच्या जागी ठेवून बाकीचं आयुष्य मोकळं करता येतं, आणि ते चांगलं जमतं. एसटी स्टँडच्या आसपास भिंतींवर ‘गुप्त समस्या’ म्हणून ज्यांच्या जाहिराती असतात, त्यांच्याकडे मात्र जाऊ नका. त्यांच्या पुड्यांनी ना ओढ जाते ना लाज, फक्त पैसे जातात.

तुम्ही पत्रात दोनदा माफी मागितली आहे, असला प्रश्न विचारला म्हणून. मागू नका. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवत होते आणि वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरं देत होते. त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू कोर्टात मांडली. कर्व्यांना दंड झाला, पण ते अंक काढत राहिले. मराठीत हा प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला त्यांनी दंड भरून मिळवून दिलाय.

आणि जाऊबाईंना सांगू का? नाही, ताई. तुमचं मन जड झालंय हे खरं, पण जी गोष्ट सांगायची ती तुमच्या एकटीची नाही. नवऱ्याने अकरा वर्षं मनात ठेवलेली गोष्ट तुमच्यापाशी उघड केली. ती जाऊबाईंपर्यंत गेली की दिरांपर्यंत जाईल, मग सासूबाईंपर्यंत, आणि पुढच्या गौरी-गणपतीला तुमचा नवरा सगळ्यांसमोर मान वर करून बसू शकणार नाही. बोलायचंच असेल तर अशा माणसाशी बोला ज्याला गुप्तता पाळणं बंधनकारक आहे. सीपीआरमध्ये मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. घराबाहेर पडणं अवघड असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येतं. त्याआधी मात्र नवऱ्याशी एकदा बोला. मुलं शाळेत गेली असतील अशा वेळी, आणि सुरुवात एवढ्या वाक्याने करा: ‘त्या दिवशी तुम्ही बोललात, मी गप्प बसले. मी रागावले नव्हते, मला बाबांची आठवण झाली.’